नववी शेगडी

नळतोडणीच्या यादीत ते घर अकराव्या ओळीवर होतं. टायरच्या दुकानामागचं दुमजली घर. मीटर एक, कुटुंब एक, महिन्याचा वापर एक्कावन्न हजार लिटर, थकबाकी चौदा महिन्यांची. मीटरमावशीने ओळ वाचली, चष्मा काढून रुमालाने पुसला आणि पुन्हा वाचली. आकडे तेच राहिले. त्यातला 'कुटुंब एक' हा आकडा यंत्राने काढलेला नव्हता. तो तिचा होता. एकोणीस वर्षं दर फेरीला तिने तो स्वतःच्या हाताने लिहिला होता, आणि तो खोटा होता. त्या घरात नऊ कुटुंबं राहत होती.

"मावशी, यादी पाठ करायची नसते. बसा गाडीत," फिटर म्हणाला.

पाणीखात्याच्या गाडीत त्या दिवशी तिघं होती. पुढे पडताळणी साहेब, मांडीवर फॉर्मांची फाइल. गाडी चालवायला फिटर, त्याच्या सीटमागे लांब दांड्याचा पाना. आणि मागच्या बाकावर, पाइपांच्या तुकड्यांतून पायांपुरती जागा करून, मावशी. कारण हा भाग तिचा आणि घरं दाखवायची तिनेच. यादीतल्या प्रत्येक दारात आधी साहेब उतरायचे. घर सवलतीत बसलं तर फॉर्म भरला जायचा आणि थकबाकी नव्या दराने मांडली जायची. बसलं नाही तर फिटर उतरायचा. सकाळपासून दहा घरं झाली होती. पाना तीनदा उतरला होता.

मावशीच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी ती या कामाला लागली तेव्हा मीटर वाचणारी बाई लोकांना खरी वाटायची नाही. दार उघडून तिच्या मागे बघायचे आणि विचारायचे, "मीटरवाला कुठाय?" ती म्हणायची, "तोच आलाय." पिशवीत झाकण उचलायची लोखंडी आकडी, दात घासायचा जुना ब्रश, काच पुसायचं फडकं, आणि भिंतीकडे तोंड करून बसवलेल्या मीटरसाठी एक छोटा आरसा. आरशात उलटे दिसणारे आकडे ती सरळ वाचायची. तिचा नवरा कंपाउंडर. तो म्हणायचा, "हिला उलटं लिहिलेलं सरळ कळतं, सरळ बोललेलं मात्र कळत नाही."

मीटरच्या काचेखाली एक बारीक चांदणी असते. घरात एखादा नळ थेंबथेंब गळत असला तरी ती हळूहळू फिरते. मावशी घरच्यांना सगळे नळ बंद करायला लावायची, चेंबरपाशी उकिडवी बसायची आणि चांदणी बघायची. फिरली तर तिथेच सांगायची, "वॉशर बदला. नाहीतर तुम्ही झोपाल आणि बिल जागं राहील." हे तिच्या कामात मोडत नव्हतं. साहेबलोक म्हणत, तुम्ही आकडा आणा, सल्ला देऊ नका. पण मावशीचं म्हणणं, आकडा बघायचा आणि तोंड मिटून घरी जायचं, तर मग मांजर पाठवा.

टायरच्या दुकानामागच्या घरात ती पहिल्यांदा शिरली तेव्हा जिन्याखालच्या एका नळासमोर एकवीस बादल्या रांगेत होत्या. नऊ खोल्या, नऊ बिऱ्हाडं, एक नळ, एक मीटर. तेव्हाचा दर मीटरवर ठरायचा. पहिले सहा हजार लिटर स्वस्त, पुढचे महाग, त्यापुढचे आणखी महाग. ठरवणाऱ्यांचा हिशेब असा की जास्त पाणी वापरतो तो पैसेवाला. त्याच्याकडे बाग असणार, दारात गाड्या असणार. पण ज्यांना स्वतःचं मीटर परवडत नाही ते नऊ जण मिळून एक घेतात, आणि नऊ घरांच्या अंघोळी एकाच काचेखाली जमा होतात. जिथे दोन पोरं एका बादलीत अंघोळ करायची, त्या घराला पोहण्याच्या तलावाचा दर लागायचा. त्यावर कडी म्हणजे, एका मीटरवर दोन कुटुंबं आढळली की घर 'भाड्याची वस्ती' ठरायचं आणि बिल दीडपट व्हायचं.

मावशीने नऊ दारांतून नऊ शेगड्या पाहिल्या आणि वहीत एक कुटुंब लिहिलं.

इतक्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण तिने त्या घराला शिकवलं. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईला बाजूला घेऊन म्हणाली, "माझ्यानंतर कुणी तपासायला आलं, तर खाली एकच शेगडी दिसली पाहिजे. बाकीच्या गच्चीवर. विचारलं तर सगळे नातेवाईक." त्या घराने हा धडा असा घोकला की एकोणीस वर्षांत चार तपासण्या आल्या आणि चारही कोरड्या परत गेल्या.

दीड वर्षापूर्वी खात्याने सभा भरवली. गरीब घरांना पाणी परवडावं म्हणून दर बदलायचे होते. व्यासपीठावर तक्ता होता, आणि त्यावरून एक तरुण इंजिनिअर सांगत होता की कमी पाणी वापरणाऱ्या घरांना सवलत दिली की ती गरिबांपर्यंत पोहोचते. शेवटच्या रांगेतून मावशी उठली. "साहेब, गरीब माणूस एकट्याने मीटर घेत नाही. तुमच्या तक्त्यावर तो सगळ्यात वरच्या टोकाला असेल, बघा." सभागृहात कुणीतरी हसलं. इंजिनिअर हसला नाही. त्याने वरच्या टोकाचे पत्ते मागवले, आणि वर्षभराने नवा नियम निघाला: एक चूल, एक कुटुंब. प्रत्येक कुटुंबाला सहा हजार लिटर स्वस्त दराने, मग मीटर एक असो की नऊ जणांत एक. एकूण वापर त्या हिशेबात बसला तर जुनी थकबाकीही त्याच दराने, आणि तोडणी रद्द.

नियम मावशीच्या तोंडून निघाला, आणि तिच्याच वहीला येऊन अडला. जुनी नोंद बदलायची तर दुरुस्तीचा अर्ज होता, आणि त्याच्या तळाशी 'मीटर वाचकाचा लेखी खुलासा'. तिने अर्ज घरी नेला. तो पाच महिने कपाटात राहिला.

"खरं लिही, माझी ना नाही," कंपाउंडर म्हणाला होता. "पण औषधालासुद्धा वेळ असते. आधी पेन्शनचे कागद सही होऊन येऊ देत."

"तोवर तोडणी आली तर?"

"एवढं मोठं शहर. यांचंच घर पहिलं येणार आहे का?"

पहिलं नाही आलं. अकरावं आलं.

नव्या नियमाची पत्रकं घरमालकिणीच्या नावाने गेली होती, आणि मालकीण परगावी राहायची. शनिवारी मावशीला एवढंच कळलं होतं की मंगळवारी या भागात मोजणी आहे. यादी तेव्हा निघाली नव्हती. ती धावतपळत त्या घरी गेली. दारात रंगारी आजोबा एकटेच ब्रश धूत बसले होते. "आजोबा, मंगळवारी साहेब येणार आहेत. सगळ्यांना सांगा, तयार राहा." आजोबा म्हणाले, "तू नको काळजी करूस, पोरी." नियम समजावून सांगायला दहा मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं मावशीने वाचवली.

गाडी टायरच्या दुकानाशी थांबली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. बोळातून आत शिरताच मावशीने आधी जिन्याकडे पाहिलं. जिन्याखाली बादल्यांची रांग नव्हती. एकच बादली होती, घासून लख्ख केलेली. वऱ्हांड्यात एकही फोडणी तडतडत नव्हती. नऊपैकी एका दाराला कुलूप, बाकीची उघडी, आणि त्या खोल्यांतून फक्त गाद्या आणि खुर्च्या दिसत होत्या. शिंपीणबाईच्या खोलीत ओट्यावर एक शेगडी होती. घर तयार होतं.

शिंपीणबाई तोंडात टाचण्या धरून बाहेर आली आणि साहेबांच्या खांद्यावरून मावशीला डोळा मारला.

"या घरात किती कुटुंबं राहतात?" साहेबांनी विचारलं.

"किती म्हणजे?" शिंपीणबाईने टाचण्या काढल्या. "एकच की. आम्ही सगळे एकमेकांचेच."

"हे आजोबा?"

"माझे सासरे."

जन्मभर लग्न न केलेल्या रंगारी आजोबांनी मान डोलावली. "थोरली सून माझी. स्वभावाने जरा तिखट आहे, पण हाताला चव आहे."

"आणि ते झोपलेत ते?"

"धाकटे दीर. पहारेकरी आहेत, रात्रपाळी असते." पांघरुणाखालून धाकट्या दिरांनी घोरून दुजोरा दिला.

"त्यांच्या मिसेस कुठे?"

"ही काय, ही माझी नणंद." पहारेकऱ्याच्या बायकोने तिला कोपराने ढोसलं. "म्हणजे जाऊ. आधी नणंद होती, मग जाऊ झाली."

साहेबांचं पेन थांबलं. चाळिशीचा माणूस, खाली वाकून काम करून मानेला पट्टा लागलेला. हसला नाही, चिडलाही नाही. "एवढी माणसं एका शेगडीवर जेवतात?"

"पातेलं मोठं आहे, साहेब."

मावशी पुढे सरकली. "साहेब, जरा..."

"मावशी, वाचकाने रहिवाशांना काही सुचवायचं नाही. नियम तुम्हाला माहीत आहे. शिवाय तुमची नोंद आहेच माझ्याकडे. जुळतेय." त्यांनी बाहेर हाक मारली, "फिटर, चेंबर उघडा."

बोळात झाकण खणखणलं. साहेब फाइलमधून तोडणीचा कागद शोधू लागले. तेवढ्यात मावशीने शिंपीणबाईचा दंड धरला. "अगं, खरं सांग. नियम बदललाय."

शिंपीणबाईने ओठ न हलवता उत्तर दिलं. "तुम्ही निर्धास्त राहा, मावशी. तुमच्या शब्दाबाहेर इथे कुणी जाणार नाही. पाणी गेलं तर जाईल, तुमचं नाव येणार नाही."

मावशीने तिचा दंड सोडला. ही माणसं स्वतःला वाचवत नव्हती. तिला वाचवत होती. आता कुजबुजून काही होणार नव्हतं. एकच वाट उरली होती, आणि ती कपाटातल्या त्या अर्जावरून जात होती.

बाहेर फिटर चेंबरपाशी गुडघा टेकून बसला होता. वॉल्व्ह बंद करायला त्याला अर्धं मिनिट लागतं हे मावशीला ठाऊक होतं. वीस वर्षं बघत आली होती. आज तीन मिनिटं झाली तरी पाना वाजतच होता.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"नट गंजलाय, साहेब. घसरतोय," फिटर म्हणाला आणि मान वर करून मावशीकडे बघितलं. नट नवा होता. गेल्याच वर्षी त्यानेच बसवला होता.

"साहेब," मावशी म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "ती नोंद चुकीची आहे. चुकीची नाही, खोटी आहे. इथे नऊ कुटुंबं आहेत. मी जाणूनबुजून एक लिहिलं."

पांघरुणाखालचं घोरणं थांबलं.

साहेब तिला चार पावलं बाजूला घेऊन गेले. "मावशी, तुम्हाला सात महिने राहिलेत ना? मी ऐकलं नाही असं समजतो. एकदा लिहून घेतलं की मलाही ते परत घेता येणार नाही."

"लिहून घ्या."

"किती वर्षं?"

"एकोणीस."

त्यांनी फाइल मिटली. "मग मला एक सांगा. एकोणीस वर्षं खोटं लिहिणाऱ्या बाईवर मी आज विश्वास का ठेवू? वरून विचारलं तर काय सांगू, तिने सांगितलं म्हणून आठ कुटुंबं वाढवली?"

प्रश्न रास्त होता. "ठेवू नका विश्वास," ती म्हणाली. "बघा."

"काय बघू? एक शेगडी दिसतेय."

मावशी शिंपीणबाईकडे वळली. "शेगड्या खाली आणा."

"कुठल्या शेगड्या?" शिंपीणबाई आता खरोखर घाबरली होती. "काय बोलताय तुम्ही? दीडपट लागेल! मालकीण एकेकाला बाहेर काढेल!"

"दीडपट गेलं. आता जितक्या चुली तितकं स्वस्त पाणी. मी शनिवारी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. माझी चूक."

"आणि उद्या पुन्हा नियम बदलला तर? तेव्हा तुम्ही असाल का?"

"नसेन."

"मग?"

पहारेकऱ्याच्या बायकोने दार लावून घेतलं. वरच्या मजल्यावरही दोन दारं आपटली. साहेबांनी घड्याळ बघितलं. "पुढचं घर बारा वाजता आहे. फिटर, नट सुटला का?"

"सुटत आलाय, साहेब," फिटरने जड आवाजात सांगितलं.

तेव्हा रंगारी आजोबा उठले. गुडघ्यांवर हात देत, एकेक पायरी चढत ते गच्चीकडे निघाले. शिंपीणबाई ओरडली, "आजोबा, कुठे निघालात?"

"मावशीने लपवायला सांगितलं तेव्हा ऐकलं. आता काढायला सांगतेय, तेही ऐकू. यात तिचं काय भलं होतंय ते मला तरी दिसत नाही." मग साहेबांकडे वळून म्हणाले, "साहेब, सुनेचं माझ्याशी पटत नाही. मी आजपासून वेगळा झालो."

गच्चीवर ताडपत्रीखाली सात शेगड्या एकावर एक रचल्या होत्या. साहेबांनी ताडपत्री उचलली, बघितलं आणि मान हलवली. "हा ढीग आहे. ढिगाला चूल म्हणता येत नाही. भंगारवाल्याकडेही असा ढीग असतो. चूल जागेवर असायला हवी, आणि तिच्यावर जेवणारं माणूस समोर."

"मग जागेवर लावायला सांगा," मावशी म्हणाली. "तुमच्या पद्धतीने. मी बोलणार नाही."

साहेबांनी खिशातून खडू काढला. प्रत्येक शेगडीवर क्रमांक टाकला, सगळ्यांना खाली उभं केलं आणि एकेकाला गच्चीवर बोलावलं. बोलायचं नाही, स्वतःची उचलायची, खोलीत न्यायची. लावलेली दारं एकेक करून उघडली. आजोबांनी दोन नंबर उचलली, रंगाचे शिंतोडे उडालेली. पहारेकऱ्याच्या बायकोने ढिगाच्या तळातून पाच नंबर ओढली. तिचा एक पाय तुटलेला आणि त्याजागी विटेचा तुकडा बांधलेला. कुणी दुसऱ्याच्या शेगडीला हात लावला नाही. खोल्यांतून साहेब मागोमाग गेले. प्रत्येक भिंतीवर काळा डाग होता, आणि शेगडी त्या डागाखालीच जाऊन बसत होती. आजोबांच्या खोलीत डाग फार खाली होता, कारण ते खाली बसून स्वयंपाक करायचे. साहेबांनी वाकून बोट फिरवलं. काजळी जुनी होती, थरावर थर.

पाऊण तास गेला. बारा वाजून गेले. शिंपीणबाईची एक आणि वरच्या सात. साहेबांनी फॉर्मवर आठ लिहिलं, आणि त्याखाली हिशेब मांडला.

"आठ कुटुंबांचे अठ्ठेचाळीस हजार. वापर एक्कावन्न. तीन हजार जास्त." त्यांनी मानेचा पट्टा सैल केला. "बसत नाही."

"नववं आहे!" तीनचार तोंडं एकदम उघडली. कुलूपवाली खोली दवाखान्यातल्या आयाची. तिने सकाळी घाईत शेगडी गच्चीवर नेलीच नाही, खोलीला कुलूप घालून कामावर गेली. पाळी तीनला सुटते. फोन लावून बघितला. कामावर असताना तो कपाटात असतो.

"खिडकीतून बघा ना," शिंपीणबाई म्हणाली. आता ती साहेबांच्या पुढे पुढे करत होती. "दिसतेय शेगडी."

"शेगडी दिसतेय. माणूस दिसत नाही." साहेबांनी फॉर्म फाइलमध्ये ठेवला. "साडेतीनला आम्ही याच रस्त्याने परततो. तोवर वॉल्व्ह उघडा राहील. त्यानंतर मी काही करू शकत नाही, आजची तारीख शेवटची आहे. चला मावशी, पुढची घरं."

"पत्ते फिटरला ठाऊक आहेत. मी इथेच थांबते."

"गैरहजेरी लागेल."

"चौकशी लागणारच आहे, साहेब. तिच्यात एक ओळ वाढेल."

साहेबांनी फाइलमधून खुलाशाचा कोरा कागद काढून तिच्या हातात दिला.

गाडी गेली आणि घरात एकच धांदल उडाली. कुणाला पाण्याचा भरवसा राहिला नव्हता. बादल्या, हंडे, पातेली, रंगाचे रिकामे डबे, जे सापडलं ते नळाखाली आलं. मावशी म्हणाली, "हळू. हे सगळं आजच्या वापरात धरलं जातंय," पण कुणी ऐकलं नाही. ती पायरीवर बसली, गुडघ्यावर पिशवी, पिशवीवर कागद. 'मी, खालील सही करणारी,' इथवर लिहून झालं आणि पुढे शब्द सुचेना. आयुष्यभर आकडे लिहिलेला हात. तिने खोडलं, पुन्हा लिहिलं. कुणाच्या सांगण्यावरून? कुणाच्याही नाही. काही लाभ घेतला का? एकदा शिंपीणबाईने पिशवीची शिलाई घातली होती, पैसे घेतले नव्हते. मावशीने तेही लिहिलं.

शिंपीणबाईचं मशीन आत तावातावाने चाललं होतं. दोनच्या सुमाराला ते थांबलं. ती दारात आली. "तुम्ही खरंच नाव घालताय कागदावर?"

"घातलं."

"पेन्शन अडेल?"

"अडेल. बुडेल असं नाही. नवरा म्हणेल, सांगितलं होतं."

"म्हणू देत. नवऱ्यांना तेवढंच येतं." शिंपीणबाई आत जायला वळली. मग म्हणाली, "मला अजून राग आलाय तुमचा," आणि आत गेली.

तीन वाजले. सव्वातीन झाले. पहारेकऱ्याची बायको बोळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. तीन पंचवीसला ती धावत आली, पण आयाची बातमी घेऊन नाही. "गाडी आली! पांढरी गाडी आली!"

साहेब उतरले. त्यांच्या मागे फिटर, हातात पाना; या वेळी त्याच्याकडे नटाचं निमित्त उरलं नव्हतं. साहेबांनी कुलपाकडे बघितलं, मावशीकडे बघितलं आणि फॉर्म काढला. "पाच मिनिटं," एवढंच म्हणाले.

दोन मिनिटांनी बोळात चपला वाजल्या. आया आली. हातात भाजीची पिशवी, अंगावर दवाखान्याचा निळा डगला. वळणावर येताच तिला साहेब दिसले, फाइल दिसली, पाना दिसला. ती जागच्या जागी थांबली. चेहऱ्यावरचा थकवा पुसला गेला आणि तिथे एक गोड, परकं हसू आलं.

"कुणाकडे आलात?" साहेबांनी विचारलं.

"मी ना? यांच्याकडे." तिने शिंपीणबाईकडे बोट दाखवलं. "पाहुणी आहे. इथे नाही राहत मी."

मावशीने डोळे मिटले.

"अगं ए बये!" शिंपीणबाई कडाडली, तशी बोळातली मांजरं पळाली. "राहतेस! आज राहायचंय! आज सगळे वेगवेगळे राहतो आपण!"

"पण तुम्हीच तर सकाळी म्हणालात..."

"सकाळचं सकाळी गेलं. आजोबासुद्धा वेगळे झाले माझ्यापासून. कुलूप उघड आधी!"

आयाने एकदा मावशीकडे पाहिलं. मावशीने मान डोलावली. बोलायला तिला मनाई होती. आयाने डगल्याच्या आतून, गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेली किल्ली काढली. किल्ली दोनदा चुकली, तिसऱ्यांदा लागली. साहेब तिच्यामागून खोलीत शिरले. भिंतीवर डाग, डागाखाली शेगडी, शेगडीवर सकाळचं झाकलेलं पातेलं. त्यांनी झाकण उचलून बघितलं आणि परत ठेवलं.

"जेवणारे किती?"

"मी आणि आई. आई बहिणीकडे गेलीय," आया म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "साहेब, खरं सांगितलं तर काय होतं?"

"पाणी राहतं," साहेब म्हणाले आणि फॉर्मवर आठ खोडून नऊ केलं, शेजारी सही केली.

बोळात फिटरने चेंबरचं झाकण पायाने ढकलून बसवलं. मावशीने घडी केलेला कागद साहेबांपुढे धरला. त्यांनी उभ्याउभ्या तो पूर्ण वाचला. पिशवीच्या शिलाईपाशी जरा रेंगाळले. "हे मला वर पाठवावं लागेल."

"पाठवा."

"चौकशी होईल. मी नऊ शेगड्या पाहिल्या, एवढं माझ्या अहवालात असेल. त्यापुढे माझ्या हातात नाही." कागद फाइलमध्ये गेला. साहेब गाडीकडे वळले, दार उघडलं आणि थांबले. "मावशी, तुमच्या भागात असं आणखी एखादं घर आहे का, जिथे वहीत एक आहे आणि आत जास्त?"

फिटरने गाडीची किल्ली खिशात चाचपडायला सुरुवात केली. ती त्याच्या हातातच होती. मावशीने नाही म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

"चार आहेत," मावशी म्हणाली.

साहेबांनी घड्याळात बघितलं. "सहापर्यंत दोन होतील. बसा."

तिने पिशवी खांद्याला अडकवली, मागचं दार उघडलं आणि पाइपांच्या तुकड्यांत पायांपुरती जागा करून बसली.